सोळा फुटाणे

माझ्या टेबलाच्या खणात फुटाण्यांची पुडी कायम असते. बत्तीस वर्षं मेहकरात अर्जनवीस म्हणून बसलो आणि दुपारची भूक त्यांच्यावरच निभावली. पण त्या पुडीचा खरा उपयोग वेगळा आहे. जमिनीचा हिस्सा विचारायला आलेल्या माणसाला कागदावरचा अपूर्णांक कळत नाही, टेबलावर मांडलेले फुटाणे कळतात. सोळा मांडायचे, जुन्या रुपयाच्या सोळा आण्यांसारखे. १९५७ साली नवे पैसे आले, आणे गेले, पण वाटणीची गोष्ट निघाली की आमच्याकडचा माणूस अजून 'माह्या चार आण्याचा हिस्सा' असंच म्हणतो.

आप्पांच्या घरचा हिशेब तर मांडायला फारच सोपा होता. जमीनच सोळा एकर. एकराला एक फुटाणा.

आप्पा पैनगंगेच्या काठच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची माणसं तिथंच राहतात आणि आता बरी राहतात. सोळातले दहा एकर त्यांना वडिलांकडून आले. वडील १९५२ साली वारले, आई त्याआधीच गेलेली, भाऊबंद कोणी नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या नावावर शेत चढलं. पुढे १९७८ साली, कापूस लागोपाठ चांगला पिकला तेव्हा, आप्पांनी शेजारचे सात एकर स्वतःच्या पैशानं घेतले. त्यातला एक एकर २०१७ नंतर समृद्धी महामार्गात गेला. राहिले सहा. घरात बायको, थोरला मुलगा शेतीत, धाकटा पुण्याला कंपनीत, लेक लोणारकडे दिलेली.

माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता. एकच खोड. कोणी पाठ चोळून दिली, औषध आणून दिलं, पायाशी बसून चार शब्द बोललं, की ते हळूच म्हणायचे, "तुह्या नावानं करून ठेवलं हाय. बोलू नको कोनापाशी." थोरल्याला म्हणाले, धाकट्याला म्हणाले. सुनेलाही एकदा म्हणाले असं ऐकतो. म्हातारपणी हातातली काठी गेली तर चालेल, पण लोकांनी आपल्याकडे बघत राहावं हा लोभ सुटत नाही. मीही आता अडुसष्टचा आहे, मला तो लोभ समजतो.

पहिला कागद मीच लिहिला. २००९ साल होतं. आप्पा थोरल्याला घेऊन आले, म्हणाले, वसियत करायची, सगळं याच्या नावानं. 'मृत्युपत्र' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आमच्याकडे फारसं कोणी उच्चारत नाही. तो कागद केला की यमाला पत्ता मिळतो असं मानणारे शिकलेले लोकही मी पाहिलेत. मी सातबारा पाहिला, त्यावर आप्पांचं एकट्याचं नाव, सतरा एकर. ठरलेल्या साच्यात लिहून टाकलं: 'माझे मालकीची व कब्जे-वहिवाटीची शेतजमीन मी माझे मोठे मुलास देत आहे.' दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकापुढे नोंदणी, अंगठे, फोटो. दुपारी चारला मोकळे.

त्या दिवशी मी आप्पांना एक प्रश्न विचारायला हवा होता: यातली तुमची किती? विचारला नाही. फी घेतली, चहा घेतला, पुढचा माणूस बसवला. सातबाऱ्यावर नाव एकट्याचं असलं म्हणून जमीन एकट्याची होत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. सातबारा आणि फेरफार हे सरकारचे सारा कोणाकडून घ्यायचा याचे कागद आहेत. मालकी त्यांनी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगितलं असेल. पण साचा हाताशी असला की डोकं चालत नाही.

दुसरा कागद पुण्याला झाला. महामार्गाचे पैसे आले तेव्हा आप्पा चार महिने धाकट्याकडे राहिले. डोळ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. परत आले ते एक सुरेख कागद मागे ठेवून. स्टॅम्प पेपर, संगणकावर टाइप केलेला, नोटरीचा गोल शिक्का, आप्पांचा रंगीत फोटो. सगळं धाकट्याला. महामार्गाचे पैसे मुदतठेवीत, आणि ठेवीवर नॉमिनी म्हणूनही धाकटाच. त्या कागदावर साक्षीदाराची सही मात्र एकच होती, धाकट्याच्या घरमालकाची. दुसऱ्या साक्षीदाराची ओळ रिकामी. नोटरीचा शिक्का इतका ठसठशीत होता की तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आप्पा जानेवारी २०२२ मध्ये गेले. तेरवीच्या दिवशी जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि दोघा भावांनी बहिणीपुढे एक साडी आणि एक कागद ठेवला. तोवर आपापले कागद त्यांनी एकमेकांना दाखवलेले नव्हते. बहिणीचं नाव आधी काढून टाकायचं, एवढ्यापुरती त्यांची एकी होती.

"सही कर ताई, तलाठ्याले लागते."

लेक सातवी शिकलेली. तिनं कागद उलटून पाहिला, सुरुवातीपासून वाचला. वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र.

मी किती हक्कसोडपत्रं लिहिली असतील याची मोजदाद नाही. भाऊ सांगतात, बहीण मान खाली घालून सही करते, माहेरचा उंबरा राहावा म्हणून. राखीच्या आठवड्यात आमच्याकडे अशा कागदांची गर्दी होते हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. त्यातल्या बऱ्याच बहिणींनी वाचलेलं नसतं. या बाईनं वाचलं. मग साडी घडी मोडल्याशिवाय भावजयीच्या हातात दिली, म्हणाली, "मले कोनी इचारलं असतं तर कदाचित केली असती. तलाठ्याचं नाव काहून सांगितलं?" आणि संध्याकाळच्या एसटीनं लोणारला गेली.

मग जे व्हायचं ते झालं. थोरल्यानं माझ्या हातचा नोंदणीकृत कागद तलाठ्याकडे देऊन फेरफाराचा अर्ज केला. नोटीस निघाली. पंधरा दिवसांच्या आत बहिणीची हरकत आली, आणि चार दिवसांनी धाकट्याची, त्याच्या शिक्क्याच्या कागदासह. दोघे भाऊ एकमेकांचे कागद पहिल्यांदा तिथं बघत होते, तलाठ्याच्या टेबलावर. नोंद तक्रारीत गेली. शेतात हरभरा उभा होता, तो काढायचा कोणी यावरून गावात पोलीस पाटलाला मध्ये पडावं लागलं.

या सगळ्यात म्हातारीला कोणीच काही विचारलं नव्हतं. ती बिचारी शारंगधर बालाजीला पाच शनिवार बोलून बसली होती. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी देवळातून परत आल्यावर पोथी सोडायला घेतली तेव्हा पोथीच्या रुमालात घडी घातलेला कागद सापडला. शाळेच्या आखीव वहीचं पान. आप्पांच्या थरथरत्या अक्षरात सात ओळी, तारीख नोव्हेंबर २०२१ मधली. आधीचे सगळे कागद रद्द. माझं जे काही आहे, जमीन, पैसा, ते माझ्या बायकोला. खाली आप्पांची सही आणि दोन साक्षीदार: गावातले निवृत्त गुरुजी, आणि आप्पांना रोज इंजेक्शन द्यायला येणारा कंपाउंडर.

स्टॅम्प नाही, नोटरी नाही, नोंदणी नाही. थोरला तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा हसत होता.

"काका, हे पोराच्या वहीचं पान. आन् आपला रजिस्टर केलेला दस्त. कोनता खरा?"

मी चष्मा लावला. कागद तीनदा वाचला, खरं तर एकदाच वाचायला पुरला असता. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी केली तर बरी, पण सक्तीची नाही. लागतं एवढंच: करणारा शुद्धीवर असावा, त्यानं सही करावी, आणि त्याला सही करताना पाहणारे किमान दोन साक्षीदार असावेत, त्यांनीही त्याच्यासमोर सह्या कराव्यात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात हे सगळं आलं आहे. आणि कागद दोन असोत की दहा, चालतो तो शेवटचा. नोंदणीकृत कागद साध्या कागदानंही रद्द होतो. धाकट्याचा शिक्क्याचा कागद तर साक्षीदार एकच म्हणून उभाच राहत नव्हता. वहीचं पान उभं राहत होतं.

हे सांगितल्यावर थोरल्याचं हसू गेलं. त्यानं वकील गाठला. वकिलानं त्याला योग्य तेच सांगितलं की मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायचं तर निदान एक साक्षीदार उभा राहून बोलायला हवा. गुरुजी तोवर वारले होते. राहिला कंपाउंडर.

पुढचं मला कंपाउंडरनंच सांगितलं. थोरला त्याच्या घरी गेला, सोबत तुरीचं अर्धं पोतं. पोतं ओसरीवर टेकवलं, चहा घेतला, म्हणाला, त्या दिवशी आप्पा तापात होते ना, त्यांले कुठं काही समजत होतं. कंपाउंडर म्हणाला, "ताप नव्हता. शंभरच्या आत होता, म्या मोजला होता. आप्पांनी सही माह्यासमोर केली, मंग गुरुजींनी, मंग म्या." थोरला थोडा वेळ बसला. मग पोतं उचलून गाडीवर बांधलं. "गाठ नीट बसत नव्हती त्याची," कंपाउंडर मला म्हणाला, "म्याच बांधून देल्ली."

थोरल्याला वाईट माणूस म्हणायला मी तयार नाही. तीस वर्षं तो त्या जमिनीत राबला, विहीर खोदली, ठिबक टाकलं, बापाची दुखणी काढली. त्याच्या घामाचा रकाना कुठल्याच वारसा कायद्यात नाही, ही त्या कायद्यांची उणीवच म्हणायची. पण घामाचा हिशेब आप्पांनी उघड, सगळ्यांसमोर करायचा होता. त्यांनी तो कुजबुजत केला, आणि थोरल्याला वाटलं सोळाच्या सोळा आपलेच.

एप्रिलच्या एका दुपारी चौघं माझ्याकडे आली. म्हातारी, दोघे मुलगे, लेक. लेकीला आणायला म्हातारी स्वतः लोणारला गेली होती. धाकट्यानं पुण्याहून येतानाच एक प्रश्न आणला होता. त्याच्या ऑफिसातल्या गिरगावच्या मित्रानं सांगितलं होतं की कोर्टाचं प्रोबेट मिळाल्याशिवाय मृत्युपत्र चालतच नाही. मी म्हणालो, बाबा, तुझ्या मित्राचं त्याच्यापुरतं बरोबर. बंगालमधला आणि मुंबई-मद्रासच्या हायकोर्टांच्या थेट हद्दीतला तो नियम. आपला वऱ्हाड मुळात निजामाचा मुलूख, १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला, मुंबई राज्यात गेला तो १९५६ मध्ये. मुंबईतल्या खोलीला जे लागत होतं ते पैनगंगेकाठच्या शेताला लागत नव्हतं.

"मंग ठेवीचं काय? नॉमिनी तर मीच आहे."

"नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. ज्याचे आहेत त्याला पोचवायचे." त्यावेळी त्याला हे पटलं नाही. पुढे १४ डिसेंबर २०२३ रोजी साळगावकरांच्या, म्हणजे कालनिर्णयवाल्या घरातल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तेच सांगितलं, की नॉमिनी नेमल्यानं वारसा बदलत नाही. मी ते कात्रण त्याला फोनवर पाठवलं. निळी खूण आली, उत्तर आलं नाही.

मग मी खण उघडला, पुडी काढली, टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि सोळा फुटाणे ओळीत मांडले.

थोरला म्हणाला, "मायचा त्यात काय हिस्सा काका? तिले दोन भाकरी, एक लुगडं. आम्ही काय उपाशी ठेवू?"

या वाक्याला माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे, सांगलीचं. खंडप्पा मगदूम नावाचे गृहस्थ २७ जून १९६० रोजी वारले. मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी १९६२ मध्ये मुलाविरुद्ध वाटणीचा दावा लावला. मुलाचं म्हणणं, बापाचा जो हिस्सा निघेल त्याच्या सहा वाटण्या होतील, त्यातली एक आईची. म्हणजे चोविसातला एक भाग. रुपयात सांगायचं तर आठ पै. सांगलीच्या कोर्टानं आठ पैच धरले. हिराबाई हायकोर्टात गेल्या. हायकोर्ट म्हणालं, बाप मरायच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर बाप, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से पडले असते, तेव्हा आईचे चार आणे तिचेच, आणि वर नवऱ्याच्या हिश्श्यातले आठ पै. चार आणे आठ पै. मुलगा दिल्लीपर्यंत गेला. २७ एप्रिल १९७८ रोजी सुप्रीम कोर्टानं, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, हिराबाईंचे चार आणे आठ पै कायम केले. दाव्यापासून सोळा वर्षं.

म्हातारीनं पदर सावरला. "त्या बाईच्या पोरींले किती भेटले?"

प्रश्न नेमका होता. तेव्हाच्या कायद्यानं मुलींना प्रत्येकी आठ पैच. वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मानं भागीदार, मुलगी नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. दिल्लीनं २००५ च्या दुरुस्तीत ती अटही काढली. तरी वाद राहिलाच: ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत हवा की नको? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, नको. मुलगी जन्मानंच भागीदार, लग्न कधीही झालेलं असो. आधीची रीतसर वाटणी झालेली नसली म्हणजे झालं. लेक हे ऐकताना माझ्याकडे नव्हे, फुटाण्यांकडे बघत होती.

मी दहा फुटाणे वेगळे काढले. "हे आजोबांचे. यात आप्पा, मावशी, तुम्ही तिघं. पाच जण. दोन-दोन." पाच जोड्या केल्या. "हे सहा आप्पांच्या कमाईचे. त्यांत कोणाचा जन्माचा हक्क नाही. म्हणजे आप्पांचे स्वतःचे किती? हे दोन आणि हे सहा. आठ. मृत्युपत्रानं देता येतात ते एवढेच. २००९ च्या कागदात मी सगळी जमीन लिहिली ती माझी चूक."

थोरला माझ्याकडे बघतच राहिला. तेरा वर्षं ज्या कागदावर तो झोपला होता त्यातली निम्मी जमीन लिहून देणाऱ्याची नव्हतीच.

"वहीचं पान शेवटचं. म्हणून हे आठ मावशीकडे." मी आठ फुटाणे म्हातारीच्या जोडीशेजारी सरकवले. "मावशीचे दहा. थोरल्याचे दोन, धाकट्याचे दोन, ताईचे दोन."

म्हातारीनं बोटानं मोजले. पुन्हा मोजले. "पंधराच हायेत."

सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. मग धाकट्यानं चावणं थांबवलं. विचारात त्यानं एक फुटाणा तोंडात टाकला होता, आपल्याच दोनातला की थोरल्याच्या, देव जाणे. लेकीला हसू फुटलं. थोरला हसायचं नाही म्हणून छपराकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी पुडीतून एक काढून ठेवला. जानेवारीनंतर ती तिघं एका ठिकाणी पहिल्यांदा हसली असावीत.

मग लेकीनं विचारलं, "काका, आप्पांनी काहीच लिहून नसतं ठेवलं तर?"

मी ते मांडून पाहिलं नव्हतं. खरंच नव्हतं. आठ फुटाणे परत मध्ये घेतले. मृत्युपत्र नसेल तर आप्पांच्या आठांना वारस चार: बायको, दोन मुलगे, मुलगी. पहिल्या वर्गाचे वारस, सगळे सारखे. आठ भागिले चार, दोन. प्रत्येकाचे आधीचे दोन, वर हे दोन. टेबलावर चार ढिगाऱ्या झाल्या, चार-चारच्या.

कोणी बोललं नाही. बाहेर कोणी तरी झेरॉक्सवाल्याला हाका मारत होतं. तीन कागद, दोन हरकती, वकिलाची फी, हरभऱ्याची अर्धी नासाडी, तुरीचं अर्धं पोतं गेलं आणि आलं. आणि म्हातारा नुसता गप्प राहिला असता तर सोळा आण्यांचे चार-चार आणे झाले असते, कोणाला न विचारता.

म्हातारीनं त्या चार ढिगाऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या हातानं त्या मोडल्या आणि आठ फुटाणे परत आपल्याकडे ओढले. दहा.

"त्यांनी मले देल्ले, तर मी घेतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायाही 'घेतो'च म्हणतात. "चाळीस वर्सं त्या शेतात निंदन केलं. मले कोनी एक तास इचारला नाही." मग थोरल्याकडे वळून, "मी हाय तवर हे दहा तूच वाह्य. बटईनं. निम्मं माह्यं, निम्मं तुह्यं. माह्या निम्म्यात कोनाच्या पोराची फी भरायची अन् कोनाची नाही, ते मी पाह्यतो."

थोरल्यानं मान हलवली. तो काही बोलला नाही, पण समोरचे त्याचे दोन फुटाणे त्यानं उचलून खिशात टाकले.

"आता माह्यं लिहा भाऊ," म्हातारी मला म्हणाली.

मी कोरा कागद ओढला, पेन झाडलं. "काय लिहू?"

"मी मेल्यावर हे दहा तिघांले सारखे."

पेन उचललं आणि तसंच धरून राहिलो. बत्तीस वर्षांच्या सवयीनं हात लिहायला जात होता. २००९ ला न विचारलेला प्रश्न मात्र आठवला.

"मावशी, तुम्ही काहीच लिहिलं नाही, तरी हे तिघांना सारखेच जातात. बाईच्या नावावर जे आहे ते तिचं पक्कं मालकीचं, आणि तिच्या माघारी मुलगे-मुली सारखे. कायदा आपोआप तेच करतो."

"आपोआप?"

"आपोआप. लिहायचं ते वेगळं काही करायचं असेल तर. किंवा माघारी पोरंच नसतील तर." आणि तिला मी नारायणीदेवींची गोष्ट सांगितली. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरनं बाहेर काढलेली मुलगी. माहेरच्यांनी शिकवली, नोकरी केली, पैसा जमवला, १९९६ मध्ये काही न लिहिता गेली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिचा पैसा सासरच्यांना दिला, कारण निपुत्रिक विधवेचे वारस कायद्यानं नवऱ्याकडचे. अशा बाईनं लिहायलाच हवं, आजच्या आज, वहीच्या पानावर का होईना, दोन साक्षीदार बसवून.

"बिचारी," म्हातारी म्हणाली. "माह्ये तर तीन हायेत, हे समोर." तिनं तिघांकडे एकेक करून बघितलं. "मंग ऐका रे. मी काही लिहिलं नाही. कोनाच्या कानात काही सांगनार नाही. कोनी म्हनलं मायनं मले सांगितलं होतं, तर तो लबाड."

ती उठली. दहा फुटाणे एकेक करून पदराच्या टोकात घेतले आणि गाठ मारली. कोऱ्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "याचे किती झाले?"

"कशाचे, मावशी? लिहिलंच काय?"

लेकीनं टेबलावरचे आपले दोन उचलले, एक भाच्यासाठी म्हणून धाकट्याच्या हातात ठेवला, एक तोंडात टाकला. साडेचारची लोणार गाडी लागली होती. मी पुडी बांधून खणात टाकली आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं. त्याच्या हातात सातबारा होता, नाव एकट्याचं.

"यातली तुमची किती?" मी विचारलं.